कोळी नव्हे, ढेकूणही नव्हे : घरातला कोळीभुंगेरा

माणसाच्या घरात बिनभाड्याने राहणाऱ्या कीटकांची नावे मराठी माणसाला लहानपणापासून पाठ असतात. ढेकूण, झुरळ, पिसू, वाळवी, कसर, तांदळातले सोंडे, पिठाला जाळी धरविणारे पाखरू, या सर्वांना भाषेने नावे दिली आहेत. आणि नाव असल्यामुळे त्यांचा बंदोबस्त कसा करावयाचा हेही घरोघर ठरून गेलेले आहे. तांदळात सोंडे दिसले की तांदूळ उन्हात पसरतात. लोकरीच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवतात. झुरळांसाठी मोरीच्या कडा आणि फळ्यांच्या फटी तपासतात. परंतु एक कीटक असा आहे की, जुन्या घरांत तो वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून असतो, आणि तरीही बोलभाषेत त्याला रूढ असे नाव नाही. कीटकशास्त्रातील त्याच्या नावाचे सरळ मराठी करावयाचे झाल्यास त्याला ‘कोळीभुंगेरा’ म्हणावे लागेल.

नाव नाही म्हणून हा कीटक दुसऱ्यांच्या नावाने ओळखला जातो, आणि खरा घोटाळा तेथेच होतो. रात्री भिंतीवरून संथपणे चालणारा हा तांबूस, वाटोळा जीव पाहून कोणी त्याला रक्त पिऊन फुगलेला ढेकूण समजतो. कोणी गोचीड समजून घरातल्या कुत्र्याला दोष देतो. कोणाला तो विषारी कोळ्याचे पिल्लू वाटतो. मग गाद्या अंगणात फेकल्या जातात, कुत्रे दाराबाहेर बांधले जाते, आणि स्वयंपाकघरात, धान्याच्या डब्यांशेजारी, विषारी औषधांचे फवारे उडतात. एवढे करूनही आठ-पंधरा दिवसांनी तो भिंतीवर पुन्हा दिसतोच. कारण ज्या ठिकाणी त्याचे बिऱ्हाड आहे तेथे कोणी पाहिलेलेच नसते. रोगाची परीक्षा चुकली की औषधही चुकते, हा नियम वैद्यकाइतकाच घरकामालाही लागू आहे. म्हणून प्रथम ओळख, मग उपाय, हाच क्रम येथे ठेवणे इष्ट होय.

ओळखण्याची पहिली कसोटी पायांची. कीटकाला पाय सहा, कोळ्याला आठ; गोचीडही कोळ्याच्याच गोतातली असल्यामुळे पूर्ण वाढलेल्या गोचिडीलाही आठ. कोळीभुंगेऱ्याला पाय सहाच असतात. परंतु ते लांब असतात, आणि डोक्यापासून निघालेल्या त्याच्या दोन मिशाही जवळजवळ पायांइतक्याच लांब असतात. सहा पाय आणि दोन मिशा मिळून आठाचा आकडा भरतो आणि पाहणारा फसतो. डोके व उराचा भाग अरुंद, त्यामागे एकदम फुगीर, वाटोळे पोट, ही त्याची ठेवणही कोळ्यासारखीच. म्हणून असा जीव आढळला तर त्याला चिरडून टाकू नये. पांढऱ्या कागदावर घेऊन वर काचेचा पेला उपडा घालावा आणि साधे भिंग घेऊन पाहावे. पुढच्या दोन लांब अवयवांवर तो शरीराचा भार टाकीत नाही, ते हवेत हलवून समोरचा मार्ग चाचपतो, असे दिसले म्हणजे त्या मिशा आहेत आणि प्राणी कोळी नव्हे, हे निश्चित झाले. गोचिडीला आणि कोळ्याला अशा मिशा मुळीच नसतात.

दुसरी कसोटी ढेकणासाठी. उपाशी ढेकूण कागदासारखा चपटा असतो. बाजूने पाहिले तर त्याला जाडी अशी दिसतच नाही. रक्त प्यालेला ढेकूण फुगतो खरा, परंतु तो लांबट होतो आणि त्याच्या पोटावरील आडव्या वळ्या स्पष्ट दिसतात. कोळीभुंगेऱ्याची पाठ घुमटासारखी उंच असते. भुंगेऱ्यांच्या सर्व जातींप्रमाणे याच्याही पाठीवर पंखांची दोन कठीण कवचे असून ती मधोमध एका सरळ रेघेत जुळलेली असतात. वळ्या दिसत नाहीत. डोके उराखाली इतके वाकलेले असते की वरून पाहणाऱ्यास ते जवळजवळ दिसतच नाही. ढेकणाला रक्त शोषण्याची सोंड असते. याला कुरतडण्याचे जबडे असतात. ढेकूण आपल्या वसतीच्या जागी, गादीच्या शिवणीत वा पलंगाच्या सांध्यात, काळसर डाग ठेवतो. कोळीभुंगेऱ्याचा माग अंथरुणात नव्हे, तर कोठीच्या खोलीत, माळ्यावर, जुन्या कपाटामागे लागतो.

याचे आकारमान फार नाही. निरनिराळ्या जाती दीड मिलिमीटरपासून सुमारे पाच मिलिमीटरपर्यंत असतात. ज्या जाती माणसाच्या घरांत व कोठारांत विशेष आढळतात त्यांपैकी चारांची ओळख करून घेतली म्हणजे पुरे. पहिली जात ‘गिबियम’. ही गुळगुळीत, तांबूस-तपकिरी आणि आरशासारखी चकाकणारी असते. पाठीवर केस नाहीत, पंखांची कवचे एकमेकांस कायमची जोडलेली, आणि खाली उडण्याचे पंखच नाहीत. त्यामुळे ती कधी उडत नाही. लॅटिन भाषेत कुबडाला जो शब्द आहे त्यावरून तिला हे नाव मिळाले. या गणातील एका जातीचे ‘सिलॉइडिस’ हे उपनाव ग्रीक भाषेतील पिसवेच्या नावावरून आले आहे. म्हणजे नाव ठेवणाऱ्या शास्त्रज्ञालाही तिच्यात दुसऱ्याच कीटकाचे रूप दिसले! उष्ण प्रदेशांत व जगभरच्या व्यापारी मार्गांवर जी गिबियम आढळते ती बहुधा ‘एक्विनॉक्शियाले’ ही तिची सख्खी बहीण होय. या दोघींचा घोळ दीर्घकाळ चालला. १९८५ मध्ये बेयेस आणि हॅल्स्टेड या कीटकशास्त्रज्ञांनी दोघींची लक्षणे व त्यांचे प्रदेश वेगळे करून मांडले.

दुसरी जात ‘मेझियम’. तिचे पोट असेच काळसर-तांबडे व चकचकीत. पण डोके, ऊर, पाय आणि मिशा यांवर फिकट पिवळसर केसांची दाट लव असते. जणू चमकत्या मण्याला कोणी मखमलीची मान शिवली आहे. तिसरी ‘निप्टस’, तिचे सर्वांग सोनेरी रेशमी केसांनी झाकलेले असते, म्हणून तिला सोनेरी कोळीभुंगेरा म्हणतात. ती थंड हवेची रहिवासी. चौथा गण ‘टायनस’ हा मोठा आहे. त्यातील काही जातींत नर लांबट आणि मादी वाटोळी, इतका फरक असतो की दोघे एकाच जातीचे आहेत हे सांगूनही खरे वाटू नये. त्यांतील ‘टेक्टस’ ही जात ऑस्ट्रेलियन कोळीभुंगेरा म्हणून प्रसिद्ध आहे. जहाजांतील मालाबरोबर ती ब्रिटनमध्ये पोहोचली आणि तेथील गोदामांतील नेहमीची उपद्रवी जात होऊन बसली.

माणसाशी असलेले याचे नाते जुने आहे. आधुनिक वर्गीकरणशास्त्राचा पाया घालणारे स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीयस यांनी १७५८ मध्ये टायनस गणातील एका जातीला ‘फुर’ हे नाव दिले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ चोर. रात्रीच्या अंधारात कोठारात वावरणाऱ्या आणि दिवा दिसताच फटीत शिरणाऱ्या जीवाला याहून समर्पक नाव शोधणे कठीण. परंतु त्याच्या वास्तव्याचा पुरावा त्याहूनही पुष्कळ मागे जातो. १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर यांनी इजिप्तमधील राजा तुतनखामेन याची कबर शोधून काढली. सुमारे तेहतीसशे वर्षांपूर्वीच्या त्या कबरीत ठेवलेल्या दगडी पात्रांतून मृत कीटकांचे अवशेष मिळाले. अल्फिएरी या कीटकशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये त्यांची ओळख प्रसिद्ध केली. त्यांत गिबियम होता, आणि त्याच्या जोडीला आज तंबाखू, मसाले व सुकी औषधे पोखरणारे दोन भुंगेरेही होते. राजाच्या परलोकीच्या प्रवासासाठी ठेवलेल्या शिध्यातही हे पाहुणे आगंतुकपणे येऊन बसले होते! घरातील लाकूड पोखरून भुसा पाडणारा घुण, मसाल्यातला तो बारीक तपकिरी भुंगेरा आणि हा कोळीभुंगेरा, हे सर्व एकाच कुळातले मानले जातात.

याचा कसून अभ्यास झाला तो मात्र विसाव्या शतकात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनला साठविलेल्या धान्याचा कण न् कण जपावा लागत होता. १९४१ मध्ये हिंटन यांनी आर्थिक महत्त्वाच्या कोळीभुंगेऱ्यांवर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला, आणि पुढे स्लाउ येथील प्रयोगशाळेत हाउ यांनी अनेक जाती पाळून, कोणत्या उष्णतेत व किती ओलाव्यात त्या वाढतात याची मोजमापे केली. आज त्यांच्या जीवनक्रमाविषयी जे खात्रीने सांगता येते, त्यातील बराचसा भाग या परिश्रमांचे फळ आहे.

तो जीवनक्रम असा. मादी आपली चिकट अंडी खाद्यपदार्थांत, पोत्याच्या विणीत किंवा फटीतील कचऱ्यात घालते. टेक्टस जातीची मादी तीन-चार आठवड्यांत शंभराच्या आसपास अंडी घालते. चिकटपणामुळे पिठाचे वा धुळीचे कण अंड्यांना लपेटतात आणि ती नजरेस पडत नाहीत. त्यांतून पांढरट, मांसल, कमानीसारखी वाकलेली अळी निघते. ती खात, कात टाकीत वाढते. आणि वाढ पूर्ण झाली की अन्न सोडून कोरड्या, निवांत जागेच्या शोधात निघते. तेथे ती स्वतःभोवती रेशमी कोश विणते. अशी जागा करण्यासाठी ती पुठ्ठा, पोते, प्रसंगी मऊ लाकूडही कुरतडते. घुणाप्रमाणे लाकूड हे तिचे अन्न नव्हे. ती फक्त निजावयाला खोली कोरते. हवा अनुकूल असेल तर अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंतचा प्रवास दोन ते चार महिन्यांत पुरा होतो. थंडीत तो लांबतो. भुंगेरा झाल्यावर कित्येक महिने, काही वेळा वर्षाच्या आसपास, तो जगतो. स्पर्श होताच पाय आखडून तो मेल्याचे सोंग घेतो. झाडूने लोटून सुपलीत घेतलेला ‘मेलेला’ भुंगेरा थोड्या वेळाने चालू लागतो, याचे कारण हेच.

आता मुख्य प्रश्न : तो खातो काय? या प्रश्नाच्या उत्तरातच त्याच्या बंदोबस्ताची किल्ली आहे. सोंडे सबंध दाणा पोखरतात. कोळीभुंगेरा हा मुख्यतः उष्ट्याचा आणि उकिरड्याचा धनी. सांडलेले पीठ, फुटके दाणे, शिळ्या पोळीचे वा पावाचे वाळलेले तुकडे, मिरचीपूड, मसाले, सुकी मासळी, कुत्र्या-मांजरांचे कोरडे खाद्य, हे सर्व त्याला चालते. परंतु तेवढ्यावर तो थांबत नाही. मेलेली झुरळे व माश्या, उंदरांच्या लेंड्या, पाखरांच्या घरट्यांतील पिसे आणि विष्ठा, वटवाघळांच्या वसतीखाली साचलेला थर, केस, लोकर, कातडे, वाळलेल्या वनस्पती, यांवरही त्याची उपजीविका चालते. कोरड्या मिरचीवर किंवा अफूवर जगणारा जीव माणसाला नवलाचा वाटेल. पण मेझियम व गिबियम या दोन्हींची नोंद अशा तिखट आणि मादक पदार्थांतही झालेली आहे.

यावरून एक गोष्ट उघड होते. स्वयंपाकघर लखलखीत आहे, डबे बंद आहेत, आणि तरीही कोळीभुंगेरे भिंतीवर दिसतात, असे असेल तर गृहिणीच्या स्वच्छतेला दोष देणे अन्यायाचे आहे. त्यांचे उगमस्थान बहुधा स्वयंपाकघरात नसून त्याच्या वर, मागे किंवा खाली असते. गोव्यातील कौलारू घरांचे लाकडी छत, ग्वाल्हेर-इंदूरकडील जुन्या वाड्यांचे माळे, बडोद्याच्या किंवा हैदराबादच्या जुन्या वस्त्यांतील बंद पडलेल्या खोल्या, बेळगावकडील घरांतल्या धान्याच्या कोठ्या, अशा जागी पारव्याचे सोडलेले घरटे, फळीमागे मरून वाळलेला उंदीर किंवा वर्षानुवर्षे न हललेले पोते असण्याचा संभव पुष्कळ असतो. अशा ठिकाणी कोळीभुंगेऱ्यांच्या पिढ्या सुखाने नांदतात. आणि त्यांतले काही वाट चुकून खालच्या खोलीत उतरले म्हणजे घरात गवगवा होतो. या दृष्टीने हा कीटक शत्रू कमी आणि जासूद अधिक होय. घरात कोठेतरी उंदीर, पाखरे किंवा विसरलेले अन्न आहे, ही बातमी तो आणतो. जासुदाला मारून बातमी खोटी ठरत नाही.

त्याच्यापासून होणारा उपद्रव किती, हेही नेमके सांगितले पाहिजे. तो माणसाला चावत नाही, रक्त पीत नाही, आणि त्याच्या अंगी विष नाही. अंगावर गांधी उठल्या असतील तर त्यांचे कारण दुसरे शोधावे. त्याच्या डोक्यावर ते खापर फोडू नये. मात्र खाण्याच्या पदार्थांत त्याची विष्ठा, टाकलेली कात आणि कोशाचे धागे मिसळतात आणि असा पदार्थ खाण्यालायक राहत नाही. उंदरांच्या लेंड्यांत वावरलेला कीटक पिठाच्या डब्यात फिरावा, ही गोष्ट आरोग्यास हितावह नाही, हे सांगावयास नको. लोकरी वस्त्रे, जुन्या पुस्तकांच्या कातडी बांधण्या, संग्रहालयांतील पेंढा भरलेले प्राणी आणि वाळविलेल्या वनस्पतींचे संग्रह यांनाही तो भोके पाडतो. ज्यांच्या घरी पूर्वजांच्या पोथ्या, शाली किंवा कागदपत्रे आहेत त्यांनी त्याला अगदीच निरुपद्रवी मानून स्वस्थ बसू नये.

बंदोबस्ताची पहिली पायरी म्हणजे शोध. तीन-चार रात्री, दिवे मालवल्यावर तासाभराने, विजेरी घेऊन भिंती पाहाव्यात आणि भुंगेरे कोठे व किती दिसले ते कागदावर टिपून ठेवावे. ज्या भिंतीवर, ज्या उंचीवर ते अधिक दिसतात, तिच्यामागे किंवा तिच्यावर उगमस्थान असण्याचा संभव मोठा. मग माळा, छताची पोकळी, धुराडे, विजेच्या पेट्यांमागील फटी, कपाटांच्या पाठी, जिन्याखालची अडगळ, क्रमाने उपसावी. रिकामे घरटे, मेलेला उंदीर, जुनी पोती, वाळलेली फुले, किडलेले मसाले, जे सापडेल ते पिशवीत घट्ट बांधून त्याच दिवशी घराबाहेर घालवावे. घरट्यात पिल्ले असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबावे. साचलेली विष्ठा काढताना नाकातोंडावर फडके बांधावे आणि ती प्रथम पाण्याने भिजवून घ्यावी. कोरडी धूळ श्वासावाटे छातीत जाणे हे भुंगेऱ्यापेक्षा पुष्कळ अधिक घातक आहे. त्यानंतर फटींतील धूळ कुंचल्याने किंवा धूळ ओढणाऱ्या यंत्राने काढून त्या चुन्याने अथवा सिमेंटने बुजवाव्यात आणि पाखरे शिरण्याच्या जागी बारीक जाळी ठोकावी.

दुसरी पायरी अन्नाची. ज्या डब्यात किडे सापडले त्यातील पीठ वा मसाला टाकून द्यावा. डबा कढत पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडा करून मगच पुन्हा भरावा. ज्या वस्तूविषयी नुसता संशय आहे तिला उष्णता किंवा थंडी द्यावी. साठ अंश सेल्सियस उष्णता वस्तूच्या गाभ्यापर्यंत पोहोचून तासभर टिकली तर अंडी, अळ्या आणि भुंगेरे सर्व मरतात. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात, उणे अठरा अंशांवर, आठवडाभर ठेवल्यानेही तेच साधते. लोकरीच्या शालींना आणि पुस्तकांना दुसरा मार्ग सोयीचा. मात्र त्या वस्तू हवाबंद पिशवीत घालून ठेवाव्यात आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या उष्णतेला येईपर्यंत पिशवी उघडू नये, म्हणजे दव धरत नाही. चैत्र-वैशाखात धान्याला आणि मिरच्यांना ऊन दाखविण्याची आजीबाईंची चाल या शास्त्राच्या विरुद्ध नाही, त्याला धरूनच आहे. फक्त थर पातळ हवा आणि वरचेवर हलविला पाहिजे. त्यानंतर माल घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत किंवा काचेच्या बरण्यांत भरावा. कागदी पुडा व पातळ पिशवी यांचा या जबड्यांपुढे निभाव लागत नाही.

राहिला विषाचा प्रश्न. एके काळी घरोघर गॅमेक्सीनची पूड फटींतून पसरली जाई. त्या वर्गातील बीएचसी या औषधावर भारतात १९९७ पासून बंदी आहे. एखाद्या जुन्या माळ्यावर तसा पुडा पडला असेल तर तो ‘वाया जाऊ नये’ म्हणून वापरणे शहाणपणाचे नाही. धान्यात ठेवण्याच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर राहत्या घरात आणूच नयेत. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन हा वायू सुटतो. बंद खोलीत निजलेल्या माणसांचे त्याने प्राण गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत, आणि या विषावर हमखास असा उतारा नाही. त्यांच्या विक्रीवर व वापरावर कायद्याने निर्बंध घातलेले आहेत ते याचसाठी. न चावणाऱ्या चार मिलिमीटरच्या भुंगेऱ्यासाठी कुटुंबाचा जीव धोक्यात घालणे यासारखा उलटा व्यवहार दुसरा नसेल. उगमस्थान काढून टाकल्यावरही फटींत औषध घालण्याची गरज भासलीच, तर ते काम परवानाधारक व जाणत्या माणसाकडून, अन्न आणि भांडी दूर हलवून, करून घ्यावे.

उगमस्थान निघाल्यानंतरही काही आठवडे एखाददुसरा भुंगेरा दिसतच राहील. त्याचे आयुष्य लांब आहे आणि कोशातले काही मागाहून बाहेर पडतात. तेवढ्यावरून उपाय फसला असे समजू नये. टिपणाच्या कागदावरील आकडा आठवड्यागणिक उतरत असेल तर काम बरोबर चालले आहे. तो उतरत नसेल, तर कोठेतरी दुसरे घरटे, दुसरे पोते अजून उरलेले आहे. अशा वेळी फवारा अधिक मारण्यापेक्षा शिडी घेऊन माळ्यावर पुन्हा एकदा चढावे, हेच श्रेयस्कर.